जुन्या मोटारगाड्या : आग व अग्निसुरक्षा

जुन्या मोटारगाड्या : आग व अग्निसुरक्षा. जतन केलेल्या अथवा अद्याप वापरात असलेल्या जुन्या बनावटीच्या मोटारगाड्यांना इंधनगळती, विद्युत् तारांतील दोष व तप्त भाग यांमुळे लागणारी आग, तिने होणारी हानी आणि प्रतिबंधाचे उपाय यांचा विचार या नोंदीत केला आहे. भारत सरकारच्या २०२१ मधील नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘विंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. आगीच्या दृष्टीने मात्र ही कालमर्यादा गौण ठरते. कार्ब्युरेटर, रबरी इंधननळी व मोजकेच फ्यूज असलेली १९८०–९० च्या दशकांतील प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बॅसॅडर हीदेखील याच वर्गात मोडते.

अशा गाडीत इंजिनावरील यांत्रिक पंप पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला पुरवितो आणि या मार्गातील काही जोड लवचिक रबरी नळीचे असतात. ॲम्बॅसॅडरच्या मूळच्या पेट्रोल इंजिनात कार्ब्युरेटर व तप्त निष्कास नळी एकाच बाजूस, एकावर एक येतात. त्यामुळे वरून ठिबकणारे पेट्रोल थेट तापलेल्या बिडावर पडते. फोक्सवॅगन बीटल या जर्मन गाडीत इंजिन मागे असून नळीचा जोड सैल झाल्यास पेट्रोल प्रज्वलन यंत्रणेच्या परिसरातच सांडते. या गाडीच्या आगींमागे हे कारण वारंवार आढळते. पेट्रोलची वाफ सु. –४३° से. तापमानासही ठिणगीने पेटू शकते. हवेतील तिचे प्रमाण सु. १.४ ते ७.६ टक्के असताना हे मिश्रण ज्वालाग्राही असते. हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने ती जमिनीलगत पसरते व गाडीखालच्या खड्ड्यात साठून राहते. डिझेलवरील जुन्या जीपगाड्यांत हा धोका पुष्कळच कमी असतो.

बारामती व इंदापूर (पुणे जिल्हा) या तालुक्यांच्या संदर्भात या विषयाला एक विशेष बाजू आहे. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इ. ठिकाणच्या साखर कारखान्यांमुळे हा प्रदेश उसाचा पट्टा म्हणून ओळखला जातो. उसाच्या मळीपासून व रसापासून बनणारे एथिल अल्कोहॉल, म्हणजे इथेनॉल, पेट्रोलमध्ये मिसळले जाते. महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के मिश्रणास २००३ मध्ये प्रारंभ झाला. देशभरात सरासरी १० टक्क्यांची पातळी २०२२ मध्ये गाठली गेली, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाच्या विक्रीस सुरुवात झाली व २०२५ मध्ये ते प्रमाण देशात साध्य झाले. उसाला भाव मिळवून देणारे हे इंधन त्याच परिसरातील जुन्या गाडीच्या नळीचे शत्रू ठरते, ही गोष्ट ऊसउत्पादक शेतकऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलने फुगते व मऊ पडते. गाडी बंद राहून नळी सुकली की ते कडक होऊन भेगाळते. इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते, त्यामुळे पत्र्याची टाकी आतून गंजते. टाकीतील जुना राळेसारखा थर सुटून गाळणी तुंबते. ही तुंबलेली गाळणीच पुढच्या अविचारास कारण होते : पुरवठा होत नाही म्हणून पेट्रोलची बाटली बॉनेटच्या वर टांगून, किंवा हवेची गाळणी काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात थेट पेट्रोल ओतून गाडी सुरू केली जाते. इंजिनाने उलट उसळी मारल्यास ज्वाला कार्ब्युरेटरमधून बाहेर येते व ओतणाऱ्याच्या हातातील बाटली पेटते. भाजण्याचे प्रसंग बहुधा असे घडतात.

यावर उपाय साधा व अल्प खर्चाचा आहे. मिश्र इंधनास टिकणारे फ्लुओरोइलास्टोमर अस्तर असलेली, सामान्यतः ‘जे ३० आर ९’ अशी खूण असलेली नळी वापरावी. बाहेरून नवी दिसणारी साधी नळी आतून सडत असू शकते, म्हणून खूण वाचल्याखेरीज घेऊ नये. तारेने आवळलेल्या जोडाऐवजी नळीभोवती समान दाब देणारा पट्टा लावावा. पंपाचा पडदा व कार्ब्युरेटरची पाचरे हेही त्याच वेळी बदलावे. इतके केल्यावाचून केवळ रंगरंगोटी करून गाडी प्रदर्शनास नेणे हे जतन नव्हे.

विद्युत् दोषांत कापडी वेष्टनाच्या जुन्या तारा झिजून होणारे शॉर्ट सर्किट प्रमुख असते. जुन्या वायरिंगमध्ये कित्येक मंडले फ्यूजविनाच असतात आणि त्यांवर मागाहून जोडलेले मोठे दिवे व टेप अधिक भार टाकतात. उसाच्या शेतालगतच्या गोठ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात. त्यामुळे अशी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटखालील तारा पाहणे आवश्यक ठरते. बॅटरीजवळच विद्युत् प्रवाह तोडणारा स्विच बसविणे हा सर्वांत उपयुक्त उपाय होय. तोडणीच्या हंगामात (सामान्यतः नोव्हेंबर ते मार्च) रस्त्याकडेला व शेतात वाळलेले पाचट पसरलेले असते. नुकत्याच धावलेल्या गाडीचा सायलेन्सर त्यावर टेकल्यास पाचट पेट घेऊ शकते, म्हणून गाडी मोकळ्या मातीवर उभी करावी. जुन्या गाड्यांना घरगुती गॅसचे सिलिंडर जोडण्याची प्रथा बेकायदेशीर असून या वायूची वाफही जमिनीलगत साचते.

आग लागल्यास इंजिन व विद्युत् प्रवाह बंद करून माणसांना दूर काढणे ही पहिली कृती होय. बॉनेट पूर्ण उघडू नये, कारण आत शिरलेल्या हवेने ज्वाला भडकतात. ते फटीपुरते उचलून त्यातून अग्निशामकाचा मारा करावा. कोरड्या चूर्णाचे अग्निशामक यंत्र पेट्रोलच्या आगीवर परिणामकारक असते. मात्र त्याचे चूर्ण ॲल्युमिनियमाच्या भागांना गंजविते. कार्बन डाय-ऑक्साइड अवशेष ठेवीत नाही. परंतु वाऱ्यात उडून जातो व तप्त धातूवर आग पुन्हा धरते. सांडलेल्या पेट्रोलवर पाण्याऐवजी कोरडी माती टाकावी. बीटलचे इंजिन-कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असल्याने पेटलेल्या अशा इंजिनावर पाणी टाकणे अधिकच धोक्याचे असते. आग आटोक्याबाहेर गेल्यास गाडी सोडून द्यावी. टाकीचे डाखकाम करताना रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा भयंकर असते, कारण तिच्यातील वाफ स्फोटक मिश्रण बनविते.

जळालेल्या गाडीचे अवशेष तापमानाची साक्ष देतात. शिसे-कथिलाचा डाख सु. १८३° से.च्या पुढे वितळतो. दारांच्या मुठी व कार्ब्युरेटर यांसारखे जस्ताचे ओतीव भाग सु. ३८०° से.ला, तर ॲल्युमिनियम ६६०° से.ला वितळते. ॲल्युमिनियमाचे भाग वितळलेले असल्यास सांगाड्याच्या पोलादाचे बळ व स्प्रिंगांचा ताण गेला असे समजून त्यांची स्वतंत्र तपासणी करावी लागते. ज्या ठिकाणी केवळ रंग व आसने जळाली तेथे पत्रा वाचविता येतो. पण वायरिंगच्या वेष्टनातील पीव्हीसीतून निघालेल्या हायड्रोजन क्लोराइडमुळे उघडा धातू एका रात्रीतही गंजू लागतो. त्यामुळे पंचनामा व छायाचित्रे झाल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेल लावावे. सांगाडा व इंजिन यांवरील क्रमांकपट्ट्या त्यापूर्वीच जपून ठेवाव्यात. त्या नष्ट झाल्यास दुरुस्त गाडीची नोंदणी टिकविणे कठीण जाते. केवळ त्रयस्थ पक्षाच्या विम्यात स्वतःच्या गाडीच्या आगीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यातही सामान्य घसारा लावला जात असल्याने दुर्मिळ गाडीचे मूल्य विमा घेतानाच करारात ठरवून घेतात.