नकुलपित्याचे आजारपण आणि वृद्धांची मनोव्यथा

संयुत्तनिकायाच्या खन्धवग्गातील पहिलेच सुत्त एका वृद्ध उपासकाविषयी आहे. भग्ग देशात सुंसुमारगिरी येथे राहणारा नकुलपिता भगवंतांना सांगतो, की आपण जराजर्जर झालो असून शरीर सतत व्याधिग्रस्त असते. भगवंतांचे व भिक्खूंचे दर्शनही क्वचितच घडते. शरीर आतुर असले तरी चित्त आतुर होऊ नये असा अभ्यास करावा, हा उपदेश त्याला मिळतो. पुढे सारिपुत्त त्याचे विवरण करतात : पंचस्कंधांना ‘मी’ आणि ‘माझे’ मानणाऱ्याचे चित्त त्यांच्या पालटासरशी दुःखी होते.

या उपदेशाच्या आधारे खचलेल्या वृद्धाला ‘तुमची साधना कमी पडली’ असे कोणी सुनावत असेल, तर तो सुत्ताचा विपर्यास होय. अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातातील नकुलपित्याचे सुत्त याच्या जोडीने वाचावे. तेथे तो अत्यवस्थ आहे आणि पत्नी नकुलमाता त्याच्या मनातील सहा चिंता एकेक करून दूर करते. पहिली चिंता कोणती? आपल्यामागे मुलांचे पोषण कसे होईल, घर कसे चालेल, ही! आपण सूत कातण्यात व लोकर विंचरण्यात कुशल आहोत, असे ती त्याला सांगते. शील, चित्तशांती आणि धम्मातील प्रतिष्ठा यांचा उल्लेख त्यानंतर येतो. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. नकुलपिता बरा होतो आणि काठी टेकीत भगवंतांच्या भेटीस जातो.

निर्वाहाची विवंचना, जोडीदाराची काळजी, भेटीगाठींचा अभाव : नकुलपित्याच्या मनोव्यथेची ही कारणे आजही ओळखीची आहेत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षे व त्यावरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची देशव्यापी पाहणी केली. साठी ओलांडलेल्यांपैकी ८.३ टक्के व्यक्तींत तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली; निदान झाल्याचे सांगणारे मात्र ०.८ टक्केच होते. स्त्रिया, वैधव्य वा विधुरावस्था आलेले आणि एकटे राहणारे यांच्यात हे प्रमाण अधिक दिसले.

म्हणजे बहुसंख्यांच्या व्यथेला आजार हे नावच मिळालेले नाही. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांसाठी स्वतंत्र खन्धक आहे. तेव्हा ध्यान करणाऱ्याने वैद्याकडे जाण्यात धम्मविरोधी काही नाही. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, बोलणे तुटणे, कमी ऐकू येऊ लागल्याने चारचौघांत बसणे टाळणे, ही लक्षणे घरच्यांनी ‘वयोमानानुसार’ म्हणून सोडून देऊ नयेत. केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक २०२२ पासून सुरू आहे; त्यावर मराठीतही बोलता येते.