घरट्यावर जीव, काठावर डोळा

डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेनं बाल्ड ईगलला कायद्यानं राष्ट्रीय पक्षी केलं. इकडे कॅलिफोर्नियात, बिग बेअर तळ्याच्या उत्तर काठावर, मून कॅम्प नावाच्या जागेत 50 घरं आणि बोटींचा धक्का बांधायचा हट्ट वर्षानुवर्षं धरला गेला. त्याच भागातल्या उंच झाडांवर बसून जॅकी आणि शॅडो ही बाल्ड ईगलची जोडी पाण्यातल्या माशांवर नजर ठेवते. हे पाहून संताप होतो.

डीडीटी या कीटकनाशकामुळे या पक्ष्याच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, आई उबवायला बसली की ती फुटत. 1963 मध्ये अलास्का वगळता मुख्य भूमीवर जेमतेम 417 जोड्या उरल्या होत्या. 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि 2007 मध्ये हा पक्षी धोक्याच्या यादीतून बाहेर पडला. मधली वर्षं फायलींची, खटल्यांची.

माझा जीव अडकला तो पुढच्या दशकात. 2015 मध्ये बिग बेअरच्या घरट्यावर कॅमेरा लागला. 2018 मध्ये शॅडो आला आणि जॅकीच्या आधीच्या नराची जागा त्यानं घेतली. पुढच्या वर्षी सिंबा आणि कुकी ही दोन पिल्लं झाली. मे महिन्याच्या अखेरीस आलेल्या गारठ्यात कुकी गेलं. 2022 मध्ये स्पिरिट नावाचं पिल्लू उडालं. नंतरची दोन वर्षं अंडी उबलीच नाहीत. 2024 मध्ये तर तीन होती. अंगावर बर्फाचा थर साचेपर्यंत जॅकी हलत नसे, आणि दिवस उलटून गेले तरी दोघं आळीपाळीनं बसतच राहिली. त्या दिवसांत सकाळी आधी कॅमेऱ्यावरचं घरटं उघडायचं, मग चहा, असंच चाललं होतं आमच्या घरी.

मार्च 2025 मध्ये मात्र नव्या तीनही अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. आठवड्याभरातच वादळ आलं आणि एक पिल्लू दगावलं. कोणी वर चढून त्याला वाचवलं का नाही, म्हणून लोक चिडले. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. माणूस चढला असता तर आईबाप उडाले असते आणि उघड्यावर पडलेली उरलेली दोनही गारठली असती. ती दोघं, सनी आणि गिझमो, जूनमध्ये उडाली.

त्या दगावलेल्या पिल्लासाठी जगभर रडलेल्यांतले किती जण तळ्याकाठच्या जमिनीबद्दल चकार शब्द काढतात? पक्षी घरट्यावर जगत नाही. त्याला मासे लागतात, बसायला जुनी झाडं लागतात, वीण संपेपर्यंत शांतता लागते. वनखातं घरट्याभोवतीची वाट त्या काळात बंद ठेवतं, पण खासगी जमिनीवर घरं उठली की तिथली वर्दळ बारमाही. उंदरांसाठी टाकलेलं विष आणि शिकाऱ्यांच्या गोळ्यांतलं शिसं हे धोके आहेतच.

हे तळं सॅन बर्नार्डिनो काउंटीत येतं, आणि तिथे मत देणारे मराठी लोकही आहेत. त्यांनी आपल्या प्रतिनिधीला एक पत्र लिहावं: मून कॅम्प मोकळं राहू द्या.