टिंबं मोजणाऱ्यांची परीक्षा

डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा. हौशी रेडिओवाला, म्हणजे हॅम, हे ऐकतो तेव्हा टिंबं-रेघा मोजत बसत नाही. त्याला थेट ‘सीक्यू’ ऐकू येतं: ‘आहे का कुणी?’

ही मोर्स लिपी एकेकाळी परवान्याची अटच होती. अमेरिकेत १९१२च्या कायद्यानं हौशींना परवाना सक्तीचा केला आणि २०० मीटरखालच्या, तेव्हा कुचकामी समजल्या जाणाऱ्या लहरींवर पिटाळलं. मोर्सची सक्ती रास्तच होती. जहाजाची संकटातली हाक कानी पडली तर ती ओळखून गप्प बसता यायला हवं! पुढे १९५१मध्ये पायऱ्या ठरल्या: नवशिक्याला मिनिटाला ५ शब्द, वरच्याला १३, सर्वोच्च परवान्याला २०.

गोम या आकड्यांतच आहे. वेग मोजायला ‘पॅरिस’ हा शब्द धरतात. टिंबाची एक मात्रा, रेघेच्या तीन, मधल्या रिकाम्या जागा धरून एकूण ५०. पाचच्या वेगात टिंब ०.२४ सेकंद चालतं, म्हणजे मोजायला निवांत वेळ. विसाच्या वेगात ते ०.०६ सेकंदांवर येतं आणि मोजणारा पार कोलमडतो. तबलजी ‘तिरकिट’ची अक्षरं सुटी करून ऐकतो का? अक्षराचा अख्खा बोलच कानात बसावा लागतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कॉख यांनी १९३०च्या दशकात हेच ओळखलं: पहिल्या दिवसापासून पूर्ण वेग, पण अक्षरं दोनच, ती पक्की झाली की तिसरं. संथ परीक्षेनं मात्र पिढ्यान्‌पिढ्या नेमकी मोजायचीच सवय लावली, असं माझं मत.

२००३मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेनं ३० मेगाहर्ट्झखालची मोर्सची सक्ती काढून निर्णय देशांवर सोडला. ब्रिटन आणि जर्मनीनं त्याच वर्षी अट उठवली, अमेरिकेनं फेब्रुवारी २००७मध्ये. भारताच्या २००९च्या नियमांत ‘रिस्ट्रिक्टेड’ परवान्याला मोर्स नाही. ‘जनरल’ला मात्र मिनिटाला ८ शब्द ठेवले. म्हणजे पुन्हा मोजता येण्याजोगाच वेग!

सक्ती गेली, लिपी राहिली. बोलण्याला अडीच हजार हर्ट्झच्या आसपास रुंदी लागते, मोर्सचं दीडशेत भागतं. म्हणून एवढ्याशा शक्तीचा संदेशही खरखरीतून वर येतो. आणि प्रक्षेपक? एक ट्रान्झिस्टर, एक स्फटिक, थोडी तार. हे सारं खोबरेल तेलाच्या रिकाम्या डबीत मावतं. रात्री सात मेगाहर्ट्झच्या जरा वर रेडिओ लावून पाहा, हाका चालूच असतात.