पिल्लाची लघवी आणि पिल्लाचे ताट

जन्मानंतरचे पहिले सुमारे तीन आठवडे कुत्र्याच्या पिल्लाला स्वतःहून लघवी करता येत नाही. आई त्याचे पोट आणि शेपटीखालचा भाग चाटते आणि त्या स्पर्शाने मूत्राशय रिकामे होते. आई नसलेल्या पिल्लाला प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने हेच करावे लागते. रस्त्याकडेला सापडलेले पिल्लू प्रेमाने घरी आणले जाते, दूधही मिळते, पण ही गोष्ट ठाऊक नसल्याने ते पोट फुगून कासावीस होते. चौथ्या आठवड्यापासून पिल्लू स्वतः लघवी करू लागते. त्याची मूत्रपिंडे मात्र तेव्हाही घडतच असतात. नवजात पिल्लाची लघवी पाण्यासारखी पातळ असते आणि ती मोठ्या कुत्र्याइतकी दाट व्हायला आठ ते दहा आठवडे लागतात.

पिल्लू नव्या घरी येते ते साधारण याच वयात. दोन महिन्यांचे पिल्लू जागेपणी दर तासा-दोन तासांनी लघवी करते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर तर हमखास. वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवला की तितके तास पिल्लू जास्तीत जास्त थांबू शकते, असा एक ढोबळ हिशेब आहे. पूर्ण ताबा चार ते सहा महिन्यांचे होईपर्यंत येत नाही. कोणी घरी आले की आनंदाने, किंवा कोणी अंगावर ओरडले की भीतीने, काही पिल्लांची जागच्या जागी लघवी होते. हा आजार नव्हे. रागावल्याने तो प्रकार वाढतो, दुर्लक्ष केल्याने वयानुसार कमी होतो.

आजाराची खूण वेगळी असते. पिल्लू वारंवार बसते, कुंथते आणि थेंब-दोन थेंबच लघवी होते. शेपटीखाली सतत चाटते. लघवीला उग्र वास येतो किंवा ती लालसर दिसते. बाहेर जाऊन लघवी करायला नीट शिकलेले पिल्लू अचानक पुन्हा घरभर थेंब सोडू लागले, तर तो हट्ट आहे असे समजण्याआधी लघवी तपासावी. दुसरा प्रकार याच्या उलट असतो. त्यात पिल्लू भरपूर पाणी पिते आणि प्रत्येक वेळी भरपूर लघवी करते. हा दोष बहुधा मूत्राशयात नसतो. मूत्रपिंड, यकृत किंवा रक्तातले क्षार बिघडल्याचे ते लक्षण असते. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिलिटरहून अधिक पाणी पिणे संशयास्पद मानले जाते. चार किलोच्या पिल्लाचे भांडे सकाळी मोजून भरले आणि ते दोन-तीन दिवस सलग ४०० मिलिलिटरच्या पुढेच जात असेल, तर ही नोंद डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते. तिसऱ्या प्रकारात पिल्लू नीट लघवी करते, तरी झोपेत आणि चालताना सतत ठिबकत राहते.

कुंथून थेंब-थेंब होणाऱ्या लघवीचे नेहमीचे कारण जंतुसंसर्ग. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, त्यामुळे विष्ठेत सापडणारा ई-कोलाय हा जंतू सहज वर चढतो. संसर्ग मादी पिल्लांत जास्त दिसतो तो यामुळे. योनीमार्गाभोवतीच्या कातडीची घडी आत दबलेली असली तर तिथे ओल साठून संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. पहिल्या माजाआधी काही माद्यांना योनीदाह होऊन चिकट स्राव येतो. तो बहुधा पहिल्या माजानंतर आपोआप थांबतो. दिसायला मात्र तो संसर्गासारखाच असतो आणि त्यासाठी औषधांचा मारा विनाकारण होतो.

निदानाचा पाया आहे लघवीची तपासणी. स्वच्छ, कोरड्या वाटीत किंवा उथळ पळीत लघवीची मधली धार धरावी आणि नमुना अर्ध्या तासात प्रयोगशाळेत पोचवावा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवावा लागतो, पण थंडीने लघवीत नवे स्फटिक तयार होतात. त्यामुळे फ्रिजमधल्या नमुन्यात स्फटिक दिसले म्हणून लगेच मुतखड्याचा उपचार सुरू करणे योग्य नाही. जंतूंच्या कल्चरसाठी डॉक्टर पोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातली लघवी काढतात. ऐकायला हे भीतीदायक वाटते. प्रत्यक्षात ते काही क्षणांत उरकते आणि त्या नमुन्यात बाहेरचे जंतू मिसळत नाहीत. माणसांसाठीच्या लघवी-तपासणीच्या पट्ट्यांवर विसंबू नये. पांढऱ्या पेशी आणि लघवीचा दाटपणा दाखवणारे त्यांचे रकाने कुत्र्यांच्या बाबतीत भरवशाचे नसतात.

घरातल्या उरलेल्या प्रतिजैविकाची अर्धी गोळी पिल्लाला देण्याची सवय घातक आहे. एन्रोफ्लॉक्सॅसिन आणि त्या गटातली औषधे वाढत्या कुत्र्याच्या सांध्यांतली कूर्चा बिघडवतात, म्हणून लहान आणि मध्यम जातींना साधारण आठ महिन्यांपर्यंत आणि मोठ्या जातींना त्याहून अधिक काळ ती टाळतात. टेट्रासायक्लिनने घडत असलेल्या दातांवर डाग पडतात. दुखते म्हणून दिलेली आयबुप्रोफेन तर थेट मूत्रपिंडावर घाला घालू शकते. साध्या मूत्राशयदाहावर अमॉक्सिसिलिनसारखे औषध सहसा पुरते. मात्र मात्रा वजनावर ठरते, आणि संसर्ग उलटला तर कल्चरशिवाय औषध बदलणे म्हणजे अंधारात तीर मारणे.

लाल लघवी म्हणजे प्रत्येक वेळी मूत्राशयातले रक्त नव्हे. आपल्याकडे गोचिडांमुळे होणाऱ्या बॅबेसिओसिस या रोगात रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी गडद लाल किंवा चहाच्या रंगाची होते. अशा पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या पडतात, ताप येतो, ते मलूल होते. कांदा-लसूण पोटात गेल्यानेही तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजवल्याने त्यांचा दोष जात नाही. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावाच लागतो. उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरलेला हा जंतू कुत्र्याची मूत्रपिंडे आणि यकृत निकामी करतो आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसाकडे येतो. २००५च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईत माणसांमध्ये या रोगाची मोठी साथ आली होती. संशय असेल तोवर पिल्लाची लघवी हातमोजे घालून, जंतुनाशकाने पुसावी. यावरची लस आठ-नऊ आठवड्यांपासून देता येते आणि काही आठवड्यांच्या अंतराने तिचा दुसरा डोस लागतो.

सतत ठिबकणाऱ्या पिल्लांत, विशेषतः मादीत, मूत्रवाहिनीचा जन्मदोष आधी शोधावा. मूत्रपिंडातून निघालेली नळी मूत्राशयात उघडण्याऐवजी पुढे मूत्रमार्गात उघडते, म्हणून लघवी साठतच नाही. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि सायबेरियन हस्की या आपल्याकडे आवडीने पाळल्या जाणाऱ्या जातींत हा दोष आढळतो. सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा मूत्रमार्गात दुर्बीण घालून तो नक्की होतो, आणि शस्त्रक्रियेने किंवा लेझरने दुरुस्त करता येतो. काही पिल्लांत शस्त्रक्रियेनंतरही थोडे ठिबकणे राहते आणि औषध चालू ठेवावे लागते. शी-त्झू आणि ल्हासा अ‍ॅप्सो या जातींत मूत्रपिंडे मुळातच अपुरी घडण्याचा दोष दिसतो. असे पिल्लू भावंडांपेक्षा खुजे राहते, खूप पाणी पिते, खाण्यावरून मन उडते. अशा अनेक पिल्लांना महिनोन्‌महिने ‘शिस्त नाही’ म्हणून बोलणी खावी लागतात, हे क्लेशकारक आहे.

लघवीची तक्रार ऐकली की घरच्यांचा हात पहिल्यांदा ताटाकडे जातो. मांस बंद, अंडी बंद, वरणभात सुरू. वाढत्या पिल्लासाठी हा निर्णय बहुधा आजारापेक्षा अधिक नुकसान करतो. पिल्लाच्या आहारात कोरड्या वजनाच्या किमान २२.५ टक्के प्रथिने असावीत, असे अमेरिकेतील पशुखाद्य मानके सांगतात. दूध सुटल्यानंतरच्या काळात त्याला दर किलो वजनामागे मोठ्या कुत्र्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. निरोगी मूत्रपिंडे प्रथिनांनी खराब होत नाहीत. प्रथिनांवर बंधन येते ते मूत्रपिंड किंवा यकृत खरोखर बिघडल्याचे रक्ततपासणीत दिसल्यावर, तेही डॉक्टरांच्या देखरेखीत.

मुतखड्यावरच्या खास खाद्याचेही तेच आहे. कुत्र्यांतला स्ट्रुव्हाइट खडा मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा बनतो. बहुतेक वेळा त्यामागे युरिया फोडून लघवी अल्कधर्मी करणारे जंतू असतात. म्हणजे खरा उपचार संसर्गाचा असतो आणि खाद्य त्याला साथ देते. खडा विरघळवणारे खाद्य प्रथिने आणि फॉस्फरस कमी करते, लघवी आम्ल करते. मोठ्या कुत्र्याला ते काही आठवडे चालते. हाडे घडत असलेल्या पिल्लाला ते कमी पडते आणि सततची आम्लता हाडांच्या वाढीला बाधते. दुकानातून परस्पर आणून ते पिल्लाला घालू नये. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा तर कोणत्याच खाद्याने विरघळत नाही.

खरोखर ताटावरच इलाज असलेली जात आहे डाल्मेशियन. या जातीत एका जनुकातील दोषामुळे युरिक आम्ल यकृतातील पेशींत शिरत नाही, त्याचे पुढचे रूपांतर होत नाही आणि ते लघवीत उतरून त्याचे युरेटचे खडे बनतात. तो जनुक २००८ मध्ये ओळखला गेला. त्याच्या कितीतरी आधी, १९७३ मध्ये, अमेरिकेतील जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी डाल्मेशियनचा पॉइंटर जातीच्या एका कुत्र्याशी संकर केला आणि पुढच्या पिढ्यांत निर्दोष जनुक असलेली डाल्मेशियन तयार झाली. अमेरिकन केनेल क्लबने त्या वंशाला मान्यता दिली ती २०११ मध्ये. दोष असलेल्या डाल्मेशियनला कलेजी, गुर्दा आणि तारली यांसारखे प्युरिनयुक्त पदार्थ टाळून अंडी आणि पनीर यांवर प्रथिनांची गरज भागवता येते आणि पाणी वाढवता येते. इतर जातींच्या लहानशा पिल्लात युरेटचे स्फटिक दिसले, तर यकृताला वळसा घालणारी जन्मजात रक्तवाहिनी आहे का, हे पाहावे लागते.

घरच्या जेवणातली खरी उणीव वेगळीच असते. उकडलेले चिकन आणि भात हे अनेक घरांतले पिल्लाचे रोजचे अन्न. मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट फॉस्फरस असतो आणि पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसइतके किंवा त्याच्या दुपटीपर्यंत लागते. ही तूट शरीर हाडांतून भरून काढते, मग पाय वाकतात, उडी मारताना हाड मोडते. दूध-पोळीवर वाढणाऱ्या पिल्लाला प्रथिने अपुरी पडतात आणि दुधातली साखर पचण्याची शक्ती वयासोबत घटत गेल्याने जुलाब होतात. पिल्लांसाठीचे पूर्ण खाद्य किंवा पशुआहारतज्ज्ञाने खनिजांसकट आखून दिलेला घरचा आहार, हेच दोन सुरक्षित मार्ग.

उलट टोकही तितकेच धोक्याचे. जर्मन शेफर्ड किंवा लॅब्रॅडॉर आणला की कॅल्शियमचे टॉनिक सुरू करण्याची पद्धत आपल्याकडे पक्की रुजली आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या संशोधनात जास्तीच्या कॅल्शियमने सांगाडा बिघडतो असे दिसले, कारण कोवळ्या वयात आतडे जादा कॅल्शियम अडवू शकत नाही. टॉनिकात बहुधा ड जीवनसत्त्वही असते. त्याचा अतिरेक रक्तातले कॅल्शियम वाढवतो, पिल्लाला तहान लागत राहते, लघवी वाढते आणि मूत्रपिंडाला इजा होते. लघवीची तक्रार आणि आहार यांचे नाते इथे अगदी थेट आहे, आणि नेमके हेच डॉक्टरांना सांगायचे राहून जाते.

ताटातून कायमचे दूर ठेवायचे पदार्थ थोडे आहेत, पण ते आपल्या स्वयंपाकघरात रोज असतात. नाशिकची द्राक्षे किंवा तासगावचे बेदाणे थोडेसे खाऊनही काही कुत्र्यांची मूत्रपिंडे एक-दोन दिवसांत बंद पडतात. यामागे टार्टरिक आम्ल असावे, असे संशोधक मानतात, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तशीच इजा नोंदली गेली आहे. म्हणजे चिंचेची आमटी कालवलेला भात पिल्लासाठी नाही.

पाणी कधीही तोडू नये, रात्री लघवी होते म्हणून तर मुळीच नाही. पातळ लघवीत स्फटिक कमी टिकतात. कोरड्या खाद्यात कोमट पाणी घालून ते मऊ केले तर पाणी आपोआप पोटात जाते. खाद्य बदलायचेच असेल तर सुमारे सात दिवसांत, जुन्यात नवे थोडे थोडे वाढवत बदलावे. लहान जातींना पिल्लांचे खाद्य दहा-बारा महिन्यांपर्यंत आणि मोठ्या जातींना दीड वर्षापर्यंत लागते. नर पिल्लू सारखे पाय वर करून कुंथत असेल आणि एकही थेंब येत नसेल, तर मूत्रमार्गात, बहुधा शिश्नातील हाडाच्या मागे, खडा अडकलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा लागतो.