उताराची शर्यत आणि पाचवं कारण

मागच्या व्याख्यानात आपण कर्ता आणि कर्म यांच्या नात्याबद्दल बोललो. माणूस जे करतो त्यातलं नेमकं त्याचं स्वतःचं किती, असा प्रश्न शेवटी शिल्लक राहिला होता. आज तो पुढे न्यायचा आहे, आणि त्यासाठी आम्ही एक सायकल-शर्यत निवडली आहे. आमच्या शास्त्रातली उदाहरणं वापरून वापरून गुळगुळीत झालेली असतात. दोरी आणि साप, माती आणि घट. त्यांच्यावरून विचार घसरतो, कुठे अडकत नाही. ही शर्यत खरोखर झालेली आहे, तिचा निकाल नोंदलेला आहे, आणि तो निकाल बघताना मन अडकतं.

स्थळ लूर्द. फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेलं हे गाव. १८५८ साली बर्नाडेट सुबिरू नावाच्या मुलीला तिथल्या गुहेपाशी मेरी मातेचं दर्शन झालं अशी श्रद्धा आहे, आणि तेव्हापासून जगभरातली आजारी माणसं बरं होण्याच्या आशेनं तिथे येत आली आहेत. कुणी चमत्काराचा दावा केला तर तो तपासून पाहणारं वैद्यकीय कार्यालयही गावातच आहे, हे आम्हाला फार आवडतं. गावाला लागून पिक द्यु जेर नावाचा चुनखडीचा डोंगर आहे. १९००पासून त्याच्यावर तारेनं ओढली जाणारी छोटी रेल्वे जाते. याच डोंगरावर २०१५, २०१६ आणि २०१७ अशी तीन वर्षं डाउनहिल माउंटन बाइकच्या वर्ल्ड कपची मोसमातली पहिली शर्यत झाली. आपल्याला बोलायचं आहे ते तिसऱ्या वर्षीच्या शर्यतीबद्दल. अंतिम फेरीचा दिवस होता रविवार, ३० एप्रिल २०१७.

आधी खेळ समजून घेऊ. डाउनहिल म्हणजे नुसता उतार. माथ्यावरून सुटायचं आणि दगड, मुळं, उड्या, वळणं पार करत खाली यायचं. सगळे एकदम सुटत नाहीत, ठरावीक अंतरानं एकेक जण सुटतो. त्यामुळे समोर प्रतिस्पर्धी दिसत नाही, दिसते ती फक्त वाट. लूर्दची वाट तीन मिनिटांच्या आतबाहेरची, आणि वेळ मोजली जाते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. वर्षभराच्या मेहनतीचा हिशेब तीन मिनिटांत होतो.

मोसमाच्या पहिल्या शर्यतीत यात आणखी एक भर पडते. हिवाळाभर व्यावसायिक सायकलपटू आपापल्या जागी सराव करत असतो. कुणी व्यायामशाळेत, कुणी दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात. नवी सायकल, कदाचित नवा संघ, नवा करार. आपण गेल्या वर्षीपेक्षा वेगवान झालो आहोत असं त्याला वाटत असतं, पण ते ताडून बघायला मोजमाप नसतं. इतरांनीही हिवाळा झोपून काढलेला नसतो. म्हणून या पहिल्या आठवडाअखेरीची भीती वेगळी असते. पडण्याची भीती तर कायमचीच, पण इथे आपण कोण आहोत हे कळण्याची भीती असते.

पहिल्या दिवशी सायकल नसते. सगळे जण पायी डोंगर उतरतात, एकेका वळणावर थांबतात, वाकून दगड हलवून बघतात. या दगडाच्या डावीकडून जायचं की उजवीकडून, ब्रेक कुठे सोडायचा, हे तिथे ठरतं. त्याला ते ‘रेषा’ शोधणं म्हणतात. वाट एकच असते, पण तिच्यात रेषा अनेक असतात. दुसऱ्या दिवशी सराव. मग हात आवळायला लागतात, तळव्यांना फोड येतात, आणि पायी बघताना सोपी वाटलेली रेषा वेगात सापडतच नाही. शनिवारी पात्रता-फेरी. रविवारी अंतिम.

आता नियम नीट लक्षात घ्या, कारण सगळा पेच त्यात आहे. शनिवारी जो सर्वांत वेगवान, तो रविवारी सर्वांत शेवटी सुटतो, आणि जो मागे राहिला तो लवकर सुटतो. हा एक प्रकारे मानच आहे, आणि प्रेक्षकांसाठी उत्कंठाही. खाली अंतिम रेषेपाशी एक आसन असतं. त्या क्षणापर्यंत जो पहिला आहे त्यानं तिथे बसायचं आणि आपल्याला कोण उठवतो याची वाट बघायची. स्कीच्या उताराच्या शर्यतीत साधारण याच्या उलट चालतं. तिथे नामवंत लवकर सुटतात, कारण मागून येणाऱ्यांना उकरलेला बर्फ मिळतो. दोन्ही खेळ गुणवत्तेला मानच देतात. बर्फावर तो मान चांगल्या वाटेच्या रूपानं मिळतो, इथे शेवटच्या क्रमाच्या रूपानं.

त्या रविवारी पुरुषांची शर्यत चालू असताना पाऊस आला.

सुरुवातीचे बरेच जण कोरड्या वाटेवरून उतरून गेले होते. त्यांच्यात अलेक्झांडर फायोल हा फ्रेंच सायकलपटू होता. तो उत्तम उतरला आणि त्या आसनावर जाऊन बसला. मग चुनखडीचा दगड ओला झाला. ज्यांनी हा दगड ओला बघितला आहे त्यांना सांगायला नको, साबण लावल्यासारखा होतो. सर्वांत वेगवान म्हणून जे शेवटी सुटणार होते ते त्यावर आले. एकेक जण खाली येत होता आणि त्याची वेळ बघून लोकांना कळत होतं की आज आसनावरून कुणी उठणार नाही. आदल्या वर्षीचा एकूण विजेता अ‍ॅरन ग्विन पहिल्या पाचांतही आला नाही. फायोल जिंकला. वर्ल्ड कपमधला हा त्याचा पहिला विजय, तोही स्वतःच्या देशात.

माथ्यावर थांबलेल्या माणसाच्या जागी क्षणभर उभे राहू. तो जागच्या जागी पाय मारून अंग गरम ठेवतो आहे. तंबूच्या कापडावर पावसाचा आवाज सुरू होतो. चिखलासाठी उंच, टोकदार दातांचा टायर असतो, पण तो कोरड्या खडकावर वेग खातो. आत्ता बदलला आणि पाऊस थांबला तर? गुरुवारपासून पाठ केलेल्या रेषा आता उपयोगाच्या नाहीत, कारण त्या कोरड्या दगडासाठी शोधल्या होत्या. आणि हे सगळं त्याच्या वाट्याला का आलं? तर काल तो सगळ्यांत चांगला चालवत होता म्हणून. वाईट चालवली असती तर आज कोरडी वाट मिळाली असती.

तर फायोलचा विजय कुणाचा? फायोलचा की पावसाचा?

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी एकाच चर्चेत या प्रश्नाला नाव दिलं, ‘नैतिक नशीब’. नेगलचं एक उदाहरण ट्रकचालकाचं आहे. ब्रेक तपासून घेण्यात त्यानं हयगय केली. रस्त्यात कुणी आडवं आलं नाही तर ती किरकोळ हयगय. एखादं मूल आडवं आलं तर तो आयुष्यभर स्वतःला क्षमा करू शकत नाही, आणि आपणही त्याच्याकडे निराळ्या नजरेनं बघतो. हयगय तेवढीच, पण दोष कमीजास्त होतो, आणि हे कमीजास्त करणारी गोष्ट त्याच्या हातात नव्हती. कांटला हे मान्य होण्यासारखं नाही. त्याच्या मते संकल्पाची किंमत परिणामानं वाढत नाही की घटत नाही. पण आपण प्रत्यक्षात कांटसारखे वागत नाही, हेच नेगलचं म्हणणं आहे.

स्टोइक मंडळींचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. धनुर्धरानं नेम नीट धरावा, बाण नीट सोडावा. वाऱ्यानं बाण वळला तर त्याचा दोष धनुर्धराकडे नाही. खेळाचे प्रशिक्षक आज जवळजवळ हेच शिकवतात. उपदेश चांगला आहे. फक्त तो देणाऱ्याचं पोट निकालावर अवलंबून नसतं. व्यावसायिक सायकलपटूचा करार निकालावर ठरतो. मोठ्या संघाचा आधार नसलेले पुष्कळ जण स्वतःच्या खर्चानं, गाडीत झोपून युरोपभर हिंडतात, आणि पुढच्या शर्यतीला जाता येईल की नाही हे या शर्यतीवर ठरतं. त्याला आपण म्हणणार का, की बाबा, तुझा नेम बरोबर होता? आम्हाला ते उत्तर अपुरं वाटतं.

आपल्याकडे गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं मोजली आहेत: जिथे कर्म घडतं ते स्थान, करणारा, त्याची साधनं, त्याच्या नाना धडपडी, आणि पाचवं दैव. तिथेच पुढे असंही येतं की जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. आता लूर्दला ही पाच लावून बघा. डोंगर, माणूस, सायकल, तीन मिनिटांची झटापट, आणि पाऊस. बरोबर बसतात. पण शंकराचार्य दैवाचा अर्थ इथे वेगळा लावतात. दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता, जशी डोळ्याची सूर्य. म्हणजे डोळा माझा असला तरी बघायला प्रकाश लागतो, आणि तो माझा नसतो. आचार्यांचा हा अर्थ आम्हाला पूर्वी ओढूनताणून आणल्यासारखा वाटे. गॉगलवर पाणी साचलेल्या, पुढचा दगड न दिसणाऱ्या माणसाचा विचार केला की तो अगदी नेमका वाटतो. दैव बाहेरून येऊन कर्मावर आदळतं असं नाही. कर्म चांगलं चालू असतानाही ते आत असतंच. फायोलच्या कोरड्या वाटेतही ते होतं, आणि ग्विननं याआधी जिंकलेल्या शर्यतींतही होतं. फक्त तेव्हा त्याचा उल्लेख करायची कुणाला गरज वाटली नाही.

म्हणून आमचं मत असं की विजय फायोलचाच. कोरड्या वाटेवर उतरणारा तो एकटा नव्हता. त्या सगळ्यांत तो पहिला आला. शेवटी सुटणाऱ्यांचं नुकसान खरं आहे, पण ‘मी जिंकलो असतो’ ही काही त्यांच्याकडून हिसकावून घेतलेली वस्तू नाही. शिवाय पाऊस आला म्हणजे निकाल ठरलाच असंही होत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅनडात, क्विबेकमधल्या मों-सँत-आनला, असंच झालं. आधीचे कोरड्यावरून गेले, मग पाऊस, आणि भर पावसात सुटलेला ग्विन तरीही पहिला. तिथे पावसामुळे हरला असता तर कुणी त्याला बोल लावला नसता. म्हणजे माफ करायला आपण तयार असतो तेव्हाही माणसाच्या हातात काहीतरी उरलेलं असतं.

साधनांबद्दल एक सांगायचं राहिलं. त्याच लूर्दच्या शर्यतीला ग्रेग मिनार या दक्षिण आफ्रिकन सायकलपटूचा संघ एकोणतीस इंची चाकांच्या सायकली घेऊन आला. तोवर डाउनहिलमध्ये चाकं लहान असत. मोठ्या चाकाला बसणारे डाउनहिलचे फोर्क त्या वेळी बाजारात सहज मिळत नव्हते, त्यामुळे हा अन्याय आहे अशी ओरड झाली. पुढच्याच शर्यतीत, स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमला, मिनार जिंकला. चाकावर भांडायला माणूस सापडतो, पावसावर भांडायला कोण सापडणार? आम्हाला वाटतं, आपला न्यायबुद्धीचा राग पुष्कळदा असा पत्ता बघूनच निघतो.

पहिल्या शर्यतीवरून मोसमाचा अंदाज करू नये, एवढं मात्र लूर्दवरून म्हणता येतं. रेचल अ‍ॅथर्टन या इंग्लिश स्त्रीचं बघा. २०१५ला लूर्दची पहिली शर्यत ती हरली. त्यानंतर त्या वर्षीच्या उरलेल्या सहाही जिंकली, २०१६च्या सातही जिंकली, आणि २०१७ला लूर्दलाच पुन्हा जिंकून सलग चौदा केल्या. पुढे फोर्ट विल्यमच्या सरावात ती पडली, खांदा निखळला आणि मालिका तुटली. ग्विन लूर्दला मागे पडूनही त्या वर्षीचा एकूण विजेता झाला, पण त्यासाठी इटलीतली शेवटची शर्यत यावी लागली. सात शर्यती घेतल्या की नशीब आपोआप समसमान वाटलं जातं, असं गणित कुणी मांडत असेल तर त्यानं अ‍ॅथर्टनच्या खांद्याचंही उत्तर द्यावं.

एक चिठ्ठी आली आहे. श्रोत्यानं विचारलं आहे की सुटण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला तर न्याय होणार नाही का? प्रश्न चांगला आहे. अथेन्समध्ये बरीचशी सरकारी पदं चिठ्ठ्या टाकूनच भरत, आणि त्यात कमीपणा नव्हता. तसं केलं तर चांगली चालवल्याची शिक्षा झाली असं कुणाला म्हणता येणार नाही. पण मग शनिवारच्या फेरीत जीव ओतणाऱ्याला त्याचं काय मिळालं? आणि अथेन्सवाले सेनापती मात्र मतदानानं निवडत, हेही विसरू नका. पुढच्या वेळी आपण अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा पहिला भाग घेऊ. त्यात ट्रॉयच्या प्रायम राजाचं उदाहरण येतं: सगळं आयुष्य वैभवात, आणि म्हातारपणी सर्वनाश. त्या माणसाला सुखी म्हणायचं का, तिथून सुरुवात करू.