हापूसची अळी एकटी नसते

बसा पोरांनो, दिवा जरा अलीकडे सरकवा. आपल्या पाली गावात वैशाखात अढी उलगडायला बसलं की एखादा हापूस असा निघतो, की वरून केशरी, वासाला घमघमीत, आणि बोट लावावं तर पचकन आत जातं. फोडावा तर आत पांढऱ्या अळ्या. त्या खळ्यात टाकून बघा, तोंड-शेपटी जुळवून टुणकन उड्या मारत सुटतात, कारण त्यांना मातीत शिरून कोष करायची घाई. ही फळमाशीची पोरं. हिच्याच पायी 2014 साली युरोपने आपल्या आंब्याला दार लावलं होतं, ते पुढल्या वर्षी उघडलं.

आता गंमत ऐका. आंब्यात साखर रगड, पण अंग धरायला लागणारं प्रथिन नावापुरतं. मग ही कार्टी चार दिवसांत गुबगुबीत होते कशी? तर माशी सालीत नळी टोचून अंडी घालते ना, तेव्हा आपल्या पोटातले जिवाणूही सोबत देते, आई लेकीला विरजण बांधून देते तशी. ते गर कुजवून मऊ करतात, स्वतः वाढतात आणि अळीच्या पोटाची सोय होते. भूमध्य समुद्राकडच्या फळमाशीच्या आतड्यात तर चक्क हवेतला नायट्रोजन धरणारे जिवाणू सापडलेत! आणि तिकडेच इटलीत पेट्री नावाच्या गृहस्थांनी 1909 सालीच दाखवलं होतं, की ऑलिव्हवरच्या माशीच्या डोक्यात जिवाणूंनी भरलेली एक पिशवीच असते. कच्चं ऑलिव्ह कडूजहर. हे सोबती नसले तर तिच्या अळीचा त्यात निभाव लागत नाही.

पण खरी कमाल पुढेच आहे. आपल्या आंब्यावर येते त्याच जातीच्या माशीच्या आतड्यात चीनमधल्या संशोधकांना असा जिवाणू मिळाला, की तो ट्रायक्लोरफॉन नावाचं कीटकनाशकच मोडून टाकतो. म्हणजे विष आपण घालायचं माशीला, आणि ते फस्त करायचं तिच्या पोटातल्या बिऱ्हाडकरूने!

म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा टांगा, त्याच्या वासाला भुलून नर येतात आणि अडकतात. गळलेला आंबा कलमाखाली कुजत ठेवू नका, खोल पुरा. आणि फवारूनही माशी हटली नाही, तर औषधवाल्याला शिव्या घालण्याआधी तिच्या पोटातल्या मंडळींनाही थोड्या राखून ठेवा.