फाटा फुटला, पण भांडण नाही!

पायथॉनमध्ये फोटो उघडायचा, कापायचा, लहान करायचा म्हटलं की बहुतेक जण ‘पिलो’ वापरतात. ही लायब्ररी एक फोर्क आहे, म्हणजे जुन्या लायब्ररीच्या कोडमधून फुटलेला वेगळा फाटा, आणि तोही मैत्रीपूर्ण!

मूळ लायब्ररी फ्रेड्रिक लुंड यांची ‘पीआयएल’. तिची शेवटची आवृत्ती, १.१.७, आली २००९ मध्ये. पुढं काम थंडावलं. इन्स्टॉल करतानाची डोकेदुखी तर होतीच. २०१० मध्ये जेफ्री क्लार्क यांनी फोर्क काढला, तो आधी पॅकेजिंग सुधारायला. पायथॉन ३ चा आधार २०१३ च्या २.० आवृत्तीत आला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: इन्स्टॉल करताना नाव ‘पिलो’, पण कोडमध्ये इम्पोर्ट करायचं ते ‘पीआयएल’च! त्यामुळे बराचसा जुना कोड किरकोळ बदलांवर चालला. (दोन्ही एकाच ठिकाणी नांदत नाहीत, आधी जुनी काढावी लागते.) परवान्यात लुंड यांचं नाव आजही आहे.

खरं कष्टाचं काम मात्र नंतरचं. दर तीन महिन्यांनी नवी आवृत्ती, सुरक्षेतली भोकं बुजवणं, पायथॉनच्या नव्या आवृत्त्यांशी जुळवून घेणं. फोर्कचं बटण कुणीही दाबतं हो, हे वर्षानुवर्षं करणारे थोडे. तुमच्या प्रोजेक्टच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये बघा, पिलो सापडेलच बहुधा.